वहिनींच्या गाडीतलं वाडीचं पाणी

आमच्या सरोजिनीवहिनी गाडी मागं घ्यायला लागल्या की राजारामपुरीच्या आमच्या गल्लीतली झाडून सगळी पुरुषमंडळी दारात येऊन उभी राहतात. कोण म्हणतं, "येऊ द्या, येऊ द्या." कोण म्हणतं, "डावीकडं मारा." एकजण तर हातानं असं काही गोल गोल करून दाखवतो की स्टिअरिंग त्याच्याच हातात आहे. वहिनी कुणाकडं बघत नाहीत. पदर खोचतात, आरशात बघतात आणि ते एवढं मोठं ट्रॅव्हलरचं धूड दोन मोटरसायकली, नारळाचं झाड आणि समोरच्या क्लासची पाटी यांच्या मधून अलगद फाटकात घालतात. मग खाली उतरून त्या सगळ्यांना म्हणतात, "दमला असाल, चहा घेऊन जा." निम्मे लाजून जातात, निम्मे चहाला थांबतात.

मी त्यांची नणंद, क्रांती. म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, आमच्या तात्याची, धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, पोस्टात नोकरी केली, रिटायर झाले आणि याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. वहिनी मला वन्सं म्हणतात, मी त्यांना वहिनी. इतकी वर्षं एका घरात काढली तरी आम्ही एकमेकींना अहोजाहोच करतो, भांडतानासुद्धा. 'तुम्हाला काडीची अक्कल नाही' हे अहोजाहो करून म्हणायला सराव लागतो. तो आम्हा दोघींनाही भरपूर आहे.

ही गाडी आली कुठून ते सांगते. तात्या वीज मंडळात होता. रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? गॅलरीला ग्रिल बसवतात, सकाळी फिरायला जातात, डॉक्टर बदलतात. आमच्या तात्यानं एका शाळेनं काढून टाकलेली पिवळी ट्रॅव्हलर विकत आणली. आतली बाकडी उपटली. उद्यमनगरातल्या गुंडू मिस्त्रीला धरून त्यात पलंग केला, बारका ओटा केला, गॅसची शेगडी बसवली, पलंगाखाली पाण्याची पांढरी टाकी ठेवली आणि टाकीला खालून कॉक काढला. बाहेरनं पांढरा रंग दिला, पण दारं उघडली की कडेला अजून शाळेचा पिवळा दिसतो. "आता हिंडायचं," म्हणाला. "लॉजच्या गाद्यांना ढेकूण असतात."

गंमत अशी की तात्याला गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी एकदा शिकायला गेला. वहिनींचं माहेर कागलचं, त्यांच्या वडिलांची जीप होती. लग्न ठरलेलं होतं, जावईबापूंना हौस आली आणि सासऱ्याच्या डोळ्यांदेखत त्यानं ती जीप थेट गोठ्यात घातली. माणसं वाचली, पण म्हशीनं दूध आखडून धरलं. त्यानंतर सासऱ्यानं किल्ली काढून घेतली आणि मुलीच्या हातात दिली. तेव्हापासून आमच्या घरात गाडी वहिनी चालवतात. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या, तेव्हा सहलीची जीपसुद्धा ड्रायव्हर आला नाही तर ह्याच घेऊन जायच्या. कडक नेसलेली साडी, कपाळावर मोठं कुंकू आणि गिअर टाकताना बांगड्यांचा आवाज, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तर त्या चालवायच्या आणि तात्या गाडीची निगा राखायचा. लोकांना वाटतं, असली गाडी फिरायला जाण्यासाठी घेतात. तात्याच्या मते ती रविवारी दुरुस्त करायला असते, मधे जमलं तर कुठंतरी जाऊन यावं. रविवारी सकाळी आमची अजून चूळ भरून होत नाही तोवर खाली खडखडाट सुरू. गाडी चालू करून ठेवायची, हवा बघायची, चाकं थोडी पुढंमागं करायची, कारण एकाच जागी उभी राहिली की टायर बसतात म्हणे. आणि मग तिथनं हाका.

"सरू, साबणाचं पाणी."

वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाटी बाहेर देणार.

"सरू, जुना टूथब्रश. सरू, पावडर."

पावडर कशाला, असं वहिनींनी कधी विचारलं नाही. मीच एकदा वरून विचारलं. म्हणाला, खिडकीच्या रबराला लावायची, नाहीतर उन्हानं चिकटतं. मी म्हटलं, "रबराला पावडर लावतोस, बायकोला कधी आणलीस?" तर वर बघून म्हणतो कसा, "तिचीच डबी हाय की ही." वहिनी आत पोळ्या लाटता लाटता हसत होत्या, ते मला गॅलरीतून ऐकू येत होतं.

काय दिवस होते ते. दोघं बदामीला गेली, गोकर्णाला गेली, आंबोलीत तर उगीच धुकं बघायला चार-चार दिवस राहिली. दोनदा मला नेलं. तात्या पुढच्या सीटवर बसून रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचा, 'पुढे वळण आहे,' 'गाव सुरू,' जणू वहिनींना अक्षरओळखच नाही. दुपारी झाड बघून गाडी थांबवायची. वहिनी दार उघडं टाकून पलंगावर पाठ टेकायच्या आणि तात्या चहा टाकायचा. ट्रकवाले थांबायचे. "पावणं, गाव कुठलं?" "कोल्हापूर." "आणि ड्रायव्हर?" तात्या आत झोपलेल्या वहिनींकडं बोट दाखवायचा आणि त्यांची तोंडं बघत बसायचा. चहा मात्र सगळ्यांना. त्या वेळी मला वाटायचं, काय हा पोरकटपणा ह्या वयात. आता वाटतं, मी अजून चार वेळा का गेले नाही? बोलावलं तर होतं.

परत आलं की तात्याचा एकच नियम. पायांवर पाणी घ्यायच्या आधी टाकीचा कॉक उघडायचा आणि उरलेलं पाणी नारळाच्या बुंध्यात सोडायचं. टाकी कोरडी झाल्याशिवाय घरात पाऊल नाही. वहिनी दारात चिडून उभ्या, मी चहाचं आधण ठेवलेलं, आणि हा वाकून बघतोय थेंब थांबला का.

तो शेवटचा गेला नृसिंहवाडीला. दत्तजयंतीनंतरची गोष्ट, गेल्याच्या गेल्या वर्षीची. टाकीतलं पाणी वाटेत संपलं होतं. नळावरनं भरायचं सोडून ह्याला काय सुचलं कुणास ठाऊक, कळशी घेतली आणि घाट उतरून नदीचं पाणी भरलं. खाली उतर, वर चढ, पुन्हा खाली. वहिनी म्हणाल्या, पुरे. तर म्हणे, "गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाडीची आंघोळ घालतो. त्यांना कुठं येता येतंय इथवर." आणि त्यानं ती टाकी पार भरली.

संध्याकाळी घरी आला तर चेहरा उतरलेला. पहिल्यांदाच कॉककडं न जाता घरात आला. "उद्या सोडतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या चढण्याशी ह्याचा संबंध लावू नका, हे कधीतरी होणारच होतं. डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. मी मात्र त्या पाण्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. माझा एकुलता एक भाऊ पाणी वाहून वाहून दमून गेला, आणि ते पाणी फाटकाच्या आत आरामात बसलं होतं.

दिवसपाणी झालं, मुलगा विश्वजित पुण्याला परत गेला. नंतरच्या एका रविवारी सकाळी खाली खडखड ऐकू आली आणि मी धावत गॅलरीत आले. वहिनी साडीवर तात्याचा जुना शर्ट घालून गाडीत वाकल्या होत्या, हातात साबणाच्या पाण्याची वाटी.

"काय चाललंय?"

"हे दर रविवारी साबणाचं पाणी मागायचे. ते कुठं लावायचे, ते शोधतेय."

आयुष्यभर वाट्या खिडकीतून दिल्या, त्या वाटीचं पुढं काय व्हायचं ते बघायला कधी वेळ झाला नाही. पोळ्या, शाळा, पेपर तपासणी. आता त्या उलट्या वाटेनं निघाल्या होत्या. तात्यानं स्वयंपाकघरातून काय काय मागितलं ते आठवायचं आणि गाडीत ते कुठं लागेल हे शोधायचं. साबणाचं पाणी त्यांनी दाराला लावलं, आरशाला लावलं, शेवटी शेगडीच्या गॅसच्या नळीला लावलं तर सांध्यापाशी बुडबुडे आले. नळी गळत होती. गुंडू मिस्त्रीला बोलावून ती बदलली. टूथब्रश बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी घासायला निघाला. खोबरेल दाराच्या बिजागरीला, डांबरगोळ्या उंदरांसाठी. एक हिंग तेवढा उलगडेना. तात्या दर थोड्या दिवसांनी हिंग मागायचा हे त्यांना पक्कं आठवत होतं. बॉनेट उघडून आम्ही दोघी हिंगाची जागा शोधत बसलो. शेवटी गुंडूला विचारलं.

तो टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, हिंग गाडीला न्हाय ओ. तात्यास्नी गॅस धरायचा. ताकात घालून प्यायचं त्ये."

वहिनी बघत राहिल्या आणि मग जे हसायला लागल्या, मी पण हसले, गुंडू पण हसला. तात्या गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं ते असं, हिंगावरनं.

हळूहळू गाडी पुन्हा तयार झाली. दसऱ्यात, खंडेनवमीला वहिनींनी ती धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळं केलं, एक सोडून. टाकी. मला आधी वाटलं, कॉक फिरवायला तात्याला स्वयंपाकघरातलं काही लागायचं नाही, म्हणून ते काम त्यांच्या आठवणीत नसेल. म्हणून मी आठवण करून दिली.

"पाणी सोडायचं राहिलंय."

"असू दे. वाडीचं आहे."

"वाडीचं असलं म्हणून काय झालं? वर्ष होत आलं. हिरवं दिसतंय पांढऱ्या टाकीतून."

"तीर्थ कधी नासत नाही, वन्सं."

ही बाई मराठीची शिक्षिका. वर्गात मुलींना म्हणायची, प्रश्न विचारा, डोकं वापरा. मी म्हटलं, "तुम्हाला काडीची अक्कल नाही." त्या म्हणाल्या, "बरं." भांडायला तयार नसलेल्या माणसाशी भांडताना जीव नुसता जळतो. गुंडूनं सांगून बघितलं, टाकी खराब होईल, कॉक चोंदेल, डास होतील. त्यालाही चहा पाजून परत पाठवलं. पुढंपुढं मी जिन्यातून जाता येता रोज म्हणायला लागले आणि त्या रोज "बघू" म्हणायला लागल्या.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं की दर गुरुवारी पूजा झाली की त्या वाटी घेऊन गाडीत जातात, कॉक किंचित फिरवतात आणि चमचाभर पाणी तळहातावर घेऊन पितात. हे कळलं दवाखान्यात. उलट्या, जुलाब, ताप, डोळे आत गेलेले. सलाईन लावलं. राजारामपुरीतल्याच दवाखान्यातली डॉक्टरीणबाई, तरुण, नाव अदिती. तिनं विचारलं, "आजी, बाहेरचं काही खाल्लं? पाणी कुठलं प्यायला?" वहिनींनी तोंड भिंतीकडं वळवलं. तिनं परत विचारलं. तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तीर्थ घेते गुरुवारी. थोडंसं."

मला सगळा उलगडा झाला आणि मी त्या पलंगापाशीच ओरडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं चादर डोक्यावर ओढून घेतली. "तो गेला तो गेलाच. तुम्हाला पण त्याच पाण्यानं न्यायचंय का? मग मी कुणाशी भांडू त्या घरात?" वहिनींनी डोळे मिटले. मी बाहेर येऊन व्हरांड्यात रडले, हेही सांगून टाकते.

विश्वजित पुण्याहून धावत आला. शांत मुलगा आहे, बापासारखा पोरकट नाही. आईचा हात हातात घेऊन म्हणाला, "आई, मला ती गाडी नकोच वाटते. पण तुझा जीव तीत आहे, कळतंय. टाकी रिकामी कर, गाडी ठेव. नाहीतर मी गाडी विकतो, टाकीसकट. दोन्हीपैकी एक जाणार. कुठलं ते तू ठरव."

घरी आल्यावर दोन दिवस वहिनी खिडकीतून गाडीकडं बघत राहिल्या. मला वाटलं, गाडी गेली. ज्या गाडीत त्यांनी अर्धा कर्नाटक बघितला ती त्या पाण्यापायी देतील आणि आमच्या फाटकात नुसता तेलाचा डाग राहील. तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन खाली गेले तेव्हा म्हणाल्या, "वन्सं, पाणी सोडते. पण नारळात नाही. जिथलं तिथं नेऊन सोडते. याल का?"

"येते की. तुम्हाला एकटीला सोडलं तर वाटेत आणखी चमचाभर प्याल."

अंगात ताकद आल्यावर आम्ही निघालो. भल्या सकाळी गल्लीतली मंडळी पुन्हा दारात. "येऊ द्या, येऊ द्या." वर्षानंतर गाडी बाहेर निघत होती आणि कसलीही कुरकुर न करता निघाली. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं जावं लागत होतं. पलंगाखालून पाण्याचा डचमळण्याचा आवाज येत होता. तात्याच्या जागेवर मी बसले होते. शिरोळच्या पुढं वळणाची पाटी आली, मी ती वाचली नाही आणि वहिनींनीही माझ्याकडं बघितलं नाही. दोघींच्या मनात काय आलं ते दोघींना माहीत होतं.

वाडीला दर्शन घेतलं. मग वहिनींनी कळशी काढली. तात्यानं जसं चढवलं तसंच कळशी कळशीनं उतरवून नदीत सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिली कळशी भरली. पाणी हिरवट, वर तवंग, आणि वास असा की मी नाकाला पदर लावला. वहिनींनी लावला नाही. कळशी कमरेवर घेऊन सावकाश पायऱ्या उतरल्या, मी मागं.

खाली एकजण घाट झाडत होता. त्यानं कळशीत डोकावून बघितलं. "आज्जी, ह्ये नदीत सोडू नगा."

"तीर्थ आहे, बाबा. इथलंच नेलेलं."

"इथलं असंल. पर आता घाण हाय की. मानसं पितात हितलं पानी."

तो काही उद्धट बोलला नाही. हातातला खराटा तसाच धरून उभा होता. मला वाटलं, वहिनी आता त्याला शाळेतल्यासारखं सुनावणार. त्यांनी एकदा कळशीत बघितलं, एकदा नदीत बघितलं.

"बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि कळशी घेऊन परत चढायला लागल्या.

अर्ध्यात थांबल्या. "वन्सं, घाण म्हणाला तो."

"म्हणाला."

"आणि मी ते प्यायले."

"हो."

कळशी मी घेतली आणि पाणी परत टाकीत ओतलं. गाडीत बसलो. इतकं हळू मी त्यांना गाडी चालवताना कधी बघितलं नव्हतं. कुठं जायचंय हेही विचारवेना.

वाडी मागं पडली आणि एका मळ्यापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली. उसाची नवी लावण होती, वीतभर कोंब आलेले. एक बाई खोरं घेऊन बांधावर बसली होती, माझ्याच वयाची असेल. नाव विचारलं तर बायडाबाई म्हणाली. वीज गेली होती, मोटार बंद, पाणी अर्ध्यात थांबलेलं, म्हणून वाट बघत बसली होती.

"बाई, थोडं पाणी आहे. तुमच्या उसात सोडू का?" वहिनींनी विचारलं.

"पानी? गाडीतलं?" ती उठून आली. "औषिद-बिवशिद न्हाय न्हवं त्यात?"

"नाही. नदीचंच आहे. वर्षभर साठलेलं. वास येतो."

"वरीसभर? कशापायी वो?"

वहिनी म्हणाल्या, "मालक भरून गेले होते."

बायडाबाईनं त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि एक शब्द जास्त विचारला नाही. "सोडा की मग. उसाला काय, त्यो शिळं-ताजं बगत न्हाय. तुमी सोडा, मी दारं धरतो." असं म्हणून तिनं खोऱ्यानं बांधाची माती ओढली आणि पाण्याला सरीत जायला वाट करून दिली.

गाडी मागं घेऊन वहिनींनी ती बरोबर बांधाला टेकवली. मी खाली वाकून कॉक फिरवला, कारण त्यांच्या गुडघ्यांना ते जमत नव्हतं. पाणी धडधडून आलं. हिरवं, शेवाळाचे लोंबते धागे, मग थोडं स्वच्छ, मग पुन्हा हिरवं. पहिली सरी भिजायला लागली. बायडाबाई खोऱ्यानं ते पुढं पुढं नेत होती. वास फार सुटला होता, पण तिनं नाक मुरडलं नाही. वहिनी बांधावर बसून नुसत्या बघत होत्या, डोळे कोरडे. मला मात्र वर्षभराची जीत झाल्यासारखं वाटत होतं. सुटली एकदाची ही पीडा, असंच मी मनात म्हणत होते.

धार बारीक झाली. टाकीतून गुळगुळ आवाज यायला लागला. आणि मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर तात्या आला, कळशी खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणारा, धापा टाकणारा आणि हट्टानं पुन्हा खाली वळणारा. मी त्या वेळी तिथं नव्हते, तरी मला तो दिसला. आणि मी कॉक गच्च बंद केला.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या.

"राहू द्या. तांब्याभर राहू द्या."

"वन्सं, वर्षभर तुम्हीच माझ्या मागं लागला होता."

"लागले होते. मला वाटलं, ह्या पाण्यानंच तात्याला नेलं. नुसतं बघितलं तरी तळपायाची आग मस्तकात जायची. पण ह्यात त्याचे हात बुडाले होते, वहिनी. हे गेलं की त्यानं केलेलं काहीच उरलं नाही. तुम्हाला त्याचा मुलगा तरी आहे. मला भाऊ म्हणून दुसरा कोण आहे?"

मी मातीत बसले होते, कॉक मुठीत. वहिनी गुडघे धरत कशाबशा माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता तीर्थाचं, नाहीतर तात्याच्या नियमाचं काहीतरी सांगतील. त्यांनी माझ्या मुठीवर नुसता हात ठेवला.

"माझा हात सुटायला वर्ष लागलं," म्हणाल्या. "तुमचा सुटेपर्यंत मी बसते. मला कुठं जायचंय?"

आणि त्या खरंच बसल्या. बायडाबाईही खोऱ्याच्या दांड्यावर हात टेकून थांबली. उन्हं वर आली. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जात होते, त्यातल्या एकानं हॉर्न वाजवला. मी रडत होते आणि वहिनीही रडत होत्या. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एका वेळी कधी रडलो नव्हतो. दर वेळी एकजणी दुसरीला रागवायला मोकळी असायची.

वीज आली. लांब विहिरीवर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. बायडाबाईनं तिकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, पण जागची हलली नाही. मग मीच कॉक फिरवला. उरलेलं पाणी बाहेर आलं, तांब्याभरच असेल, आणि मातीत मुरलं. टाकी रिकामी झाली. त्यामागून पाटातलं ताजं पाणी वाहत आलं, आणि बायडाबाईनं खोऱ्यानं माती ओढून ते त्याच सरीत घेतलं.